पट्टीचे मार्क

त्या बुधवारी पायलट विमानातून उतरला तोच तणतणत. एरवी माणूस इतका गरीब, की चहात साखर टाकायची राहिली तरी मुकाट्याने पिऊन कप ठेवायचा. त्या दिवशी त्याने आमच्या सासऱ्यांच्या हातावर हरभऱ्याएवढा खडा ठेवला आणि म्हणाला, "बाबा, हा उडून पंख्याला लागला. पातं बघा जाऊन, बोट जाईल एवढी खोक पडलीय."

बाबांनी खडा बोटांनी फिरवून पाहिला. आपलंच पोर कुणाचं डोकं फोडून आलंय, अशी मान खाली घालून ते उभे राहिले.

"तुमच्यावर नाही हो राग," पायलट जरा खाली येत म्हणाला. "पण पट्टी संपलीय आता. पुढच्या थंडीच्या आत नवी झाली नाही तर कंपनी मला इथे उतरू देणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

त्या विमानावर आमच्या घरातला एक जीव चालला होता.

आमच्या विमानतळाला विमानतळ म्हणायचं ते केवळ पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली, तिच्यात बारा खुर्च्या, त्यातल्या दोन मोडक्या. वारा दाखवणारी कापडी पिशवी, आणि पट्टीच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. माणसं म्हणाल तर तीन. कारभार बघणारे मास्तर. ते कधी शाळेत शिकवत नव्हते, पण दिसेल त्याचं अक्षर सुधारत बसायचे म्हणून नाव पडलं. दुसरे आमचे बाबा, एकतीस वर्षं पट्टी झाडणारे, भेगा बुजवणारे, गुरं हाकलणारे. आणि तिसरी मी; खुर्च्या पुसणारी, चहा करणारी. माझा नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले दहा दिवस घरी असला तरी नशीब.

आणि आई. म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या अंगात रक्त बनायचं थांबलं होतं, तीन वर्षं झाली. दर दुसऱ्या बुधवारी इस्पितळाचं विमान यायचं, त्यातून डॉक्टर यायचे आणि थंड पेटीत रक्ताच्या पिशव्या. पत्र्याच्या खोलीतच पडदा लावून आईंसाठी आणि आसपासच्या गावांतल्या आणखी तीन पेशंटांसाठी खाटा टाकायच्या. सकाळी मी आईंना धरून नेताना त्यांच्या ओठांना रंग नसायचा. संध्याकाळी त्या स्वतः चालत घरी यायच्या, मोरीत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "पातेली अशी घासतात होय?" की मी समजायची, रक्त लागू पडलं.

मोठ्या गावाला रस्त्याने जायचं तर नऊ तास, मध्ये घाट. तिथवर त्यांना बसवत नेणं म्हणजे जिवाशी खेळ, असं डॉक्टर पहिल्यापासून बजावत आले होते.

पायलट गेल्यावर मास्तरांनी बाबांना खुर्ची दिली. "काळजी करू नका. सरकारचं अनुदान निघालंय, लहान विमानतळांसाठीच. अख्खी पट्टी उखडून नवी करून देतात, कुंपण, दिवे, सगळं. मी अर्ज केलाय, बेचाळीस पानांचा. महिनाअखेरीला तपासणीला माणूस येणार. तो पट्टी बघणार, मार्क देणार, आणि त्या मार्कांवर अनुदान ठरणार."

"आपण काय करायचं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही काही नाही. त्या दिवशी हजर राहा म्हणजे झालं. मला सह्या गोळा करायला शहरात जायचंय, मी त्याच सकाळी परत येईन."

एवढंच बोलणं झालं. आता मी सतरा वेळा आठवून बघते, त्यात एक वाक्य कमी होतं. मास्तरांना वाटलं, ते सांगायची काय गरज, ते तर कुणालाही कळेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बाबांनी शेडमधून डांबराची पिंपं बाहेर काढली. मी म्हटलं, "बाबा, हे काय?"

"तपासणी आहे ना? मार्क पडायचेत. माणूस आपल्या दारी येणार, त्याला फाटकं दाखवायचं?"

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू. मी दहावी शिकलेली, परीक्षेला बसलेली. परीक्षा आहे म्हटल्यावर वही चांगली लिहायची, एवढंच मला ठाऊक. आईही म्हणाल्या, "करा करा. सरकारचा माणूस खूश झाला पाहिजे."

अकरा दिवस आम्ही पट्टीवर होतो. बाबांची पद्धत ठरलेली. आधी तारेच्या ब्रशने भेग खरवडायची, आतली माती, काडी, मुळी सगळी काढायची. मग तोंडाने फुंकायची. हो, तोंडाने, फडक्याने ओल राहते म्हणायचे. तोवर चुलीवरच्या डब्यात डांबर पातळ झालेलं असायचं. ते लांब चोचीच्या किटलीने भेगेत सोडायचं, एका दमात, मध्ये हात थांबू द्यायचा नाही. वर तीनदा चाळलेली वाळू, मग धुम्मसाने ठोकायचं, आणि शेवटी पाण्याने भरलेलं पिंप वरून लोटत न्यायचं. बाबांनी बुजवलेली भेग दुसऱ्या दिवशी त्यांनाच सापडायची नाही, इतकं ते काम एकजीव व्हायचं.

वाळू वाहून माझे खांदे सोलून निघाले. डांबराचा थेंब उडून बाबांच्या मनगटावर बसला, कातडीसकट निघाला; त्यांनी त्यावर चिंधी बांधली आणि पुढची भेग धरली. वारा असा बोचरा की डोळ्यांतलं पाणी गालावरच सुकायचं. पट्टी हजार पावलांची, आणि ती हजार पावलं आम्ही गुडघ्यांवर गेलो.

तिसऱ्या दिवशी आई खोकं घेऊन आल्या आणि भेगेपाशी मांडून बसल्या.

"तू कशाला आलीस?" बाबा ओरडले. "वाऱ्याने पडशील."

"पडले तर पट्टीवरच पडेन ना? भेग असली तर तीही बुजेल," आई म्हणाल्या. "माझंच विमान आहे. वाळू तरी टाकू द्या."

मग त्या वाटीने वाळू टाकत बसायच्या. चार भेगा झाल्या की थांबायच्या, परत टाकायच्या. बाबा किटली घेऊन पुढे, आई वाटी घेऊन मागे, मी धुम्मस घेऊन सगळ्यांच्या मागे. बाबा मध्येच मागे वळून म्हणायचे, "सांडलीस, सांडलीस." आई म्हणायच्या, "तुम्ही पुढे बघा." इतकं काम करूनही ते दिवस मला चांगले गेले असं वाटतं. आज तेच दिवस आठवले की जीव जळतो.

चारशे बारा भेगा. मी मोजल्या होत्या.

तपासणीच्या सकाळी मास्तर पहिल्या गाडीने उतरले, कागदांची पिशवी छातीशी धरून. पट्टीकडे नजर गेली आणि ते जागच्या जागी थांबले. बाबा धुतलेला शर्ट घालून फाटकाशी उभे होते.

"हे कुणी केलं?" मास्तरांनी मला हळूच विचारलं.

"आम्ही. तिघांनी."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोंडावरचा रंगच गेला होता त्यांचा.

"काय झालं मास्तर?"

"काही नाही. तू चहा टाक."

तपासणीला बाई आल्या होत्या. पस्तिशीच्या, पायात जाड बूट, हातात मोजायचं चाक. चाक ढकलत त्या पट्टीवरून निघाल्या, शंभर पावलांवर थांबायच्या, खाली वाकायच्या, लिहायच्या. बाबा दोन पावलं मागे. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाई म्हणत होत्या, "किती वर्षांची पट्टी म्हणालात?"

"डांबरी होऊन बावीस," बाबा म्हणाले.

"वाटत नाही हो."

बाबांच्या चेहऱ्यावर असं हसू मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मास्तरांना राहवेना. "मॅडम, हे सगळं वरवरचं आहे. आत्ता आठवड्यापूर्वी भरलंय. खाली सगळी खिळखिळी झालीय. उन्हं तापली की—"

"असेल," बाई म्हणाल्या. "पण मला डोळ्यांना दिसेल तेवढंच भरता येतं. खाली काय आहे त्याला रकाना नाही."

"वरवरचं?" बाबा मध्येच बोलले. एकतीस वर्षांत ते कुठल्या साहेबासमोर मध्ये बोलले नव्हते. "मास्तर, तुम्ही असं बोलावं? दोन बोटं खोल भरलंय. थांबा मॅडम, दाखवतोच."

"बाबा, राहू द्या," मास्तर म्हणाले. "बाबा, ऐका माझं."

पण बाबा शेडकडे पळत गेले होते. पहार घेऊन आले, एका बुजवलेल्या भेगेवर पाय रोवून उभे राहिले आणि घातला घाव. पहार उसळली. दुसरा घातला. तिसरा घातला. डांबर नखभर दबलं, पण टवका निघाला नाही. बाबा धापा टाकत बाईंकडे बघत राहिले.

"छान," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लिहिलं.

मास्तर तोंड फिरवून कापडी पिशवीकडे बघत होते. त्या दिवशी वाराही नव्हता.

पत्र महिन्याने आलं. मास्तरांनी मला एकटीला बोलावून वाचून दाखवलं. पट्टीची अवस्था समाधानकारक, शंभरपैकी एक्काहत्तर गुण. पंचावन्नच्या खाली असलेल्या पट्ट्यांनाच अनुदान. आमचा अर्ज फेटाळला होता.

"म्हणजे जितकी वाईट, तितकं..." मी म्हटलं.

"हो. मी सांगायला हवं होतं गं. मला वाटलं, कळतंच."

घरी आले तर बाबा दारातच. "किती पडले?"

"एक्काहत्तर," मी म्हटलं. पुढचं सांगायला जीभ रेटेना.

"एक्काहत्तर!" त्यांनी आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? एक्काहत्तर पडले!" आणि चहापत्ती आणायच्या निमित्ताने दुकानाकडे निघाले. मला कळत होतं कशाला निघालेत. मी त्यांना थांबवायला हवं होतं. दारात नुसती ठोंब्यासारखी उभी राहिले.

दुकानात काय झालं ते मागून कळलं. बाबांनी चारचौघांत मार्क सांगितले. दुकानदाराला मास्तरांकडून आधीच कळलं होतं. तो म्हणाला, "अहो बाबा, पंचावन्नच्या खाली पाहिजे होते! पास होऊन नापास झालेले तुम्हीच पहिले!" लोक हसले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण हसले.

बाबा रिकाम्या हाताने परत आले. आईंच्या खाटेशी खाली बसले.

"चहापत्ती?" आईंनी विचारलं.

"विसरलो."

मग बाबा म्हणाले, "तुझं विमान मीच घालवलं गं."

आईंना तोवर मी सांगून बसले होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्यानेच का म्हणून? वाळू कोणी टाकली?"

बाबा रडले. मी मोरीत जाऊन घासलेली पातेली परत घासायला घेतली.

उन्हं तापली तसं मास्तर म्हणाले तेच झालं. भर टिकली, पण भरीच्या आजूबाजूची पट्टीच सुटली. तुकडेच्या तुकडे चाकांबरोबर उठायला लागले. बाबा रोज गोळा करायचे, टोपल्या भरायचे. पावसाळा सरता सरता कंपनीचं पत्र आलं आणि विमान बंद झालं.

मग रस्ता. माझा नवरा भाड्यावर पाणी सोडून दर पंधरा दिवसांनी ट्रक घेऊन यायचा. मागच्या फळीवर गादी टाकायचो, आईंना निजवायचो, मी उशाशी बसायची. नऊ तास. घाटात प्रत्येक वळणावर त्या माझा हात घट्ट धरायच्या आणि वळण संपलं की सोडायच्या. इस्पितळात रक्त घ्यायचं ते निम्मं येतानाच्या धक्क्यांत सांडतं, असं त्या थट्टेने म्हणायच्या. परत आल्यावर पातेल्यांबद्दल बोलायचं त्यांनी सोडून दिलं होतं. मी मुद्दाम एखादं खरकटं ठेवायची, की काहीतरी बोलतील. नाही बोलल्या.

पाच वेळा गेलो, आलो. सहाव्या वेळी जाताना घाटातल्या चौथ्या की पाचव्या वळणावर त्यांनी माझा हात धरला, आणि वळण संपलं तरी सोडला नाही. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने गाडी कडेला घेतली. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

बाबा त्या खेपेला बरोबर नव्हते. पट्टीवर होते, टोपली घेऊन. आम्ही दुपारीच परतलेले दिसलो तेव्हा ते समजले. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि क्वार्टरपर्यंत चालत आले, रोजच्यासारखे, सावकाश. मला राग कुणाचा आला म्हणाल तर त्या रकान्याचा आला, जो त्या बाईंच्या कागदावर नव्हता. आणि माझा. बाबांचा नाही आला, कधीच नाही.

दहावं उलटल्यावर मास्तर आले. चप्पल काढून दारात उभे. "बाबा, मी पुन्हा अर्ज करतोय. बाकीच्या पेशंटांसाठी तरी. सहा महिन्यांनी तपासणी. पण यंदा... यंदा पट्टीला हात लावायचा नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

एकतीस वर्षं काम केलं त्या माणसाने, पण त्याचे कष्ट मला दिसले ते त्या सहा महिन्यांत. सकाळी उठायचे, पट्टीच्या कडेने फिरायचे, भेगेशी थांबायचे. हात आपोआप खाली जायचा, मग ओढून पाठीमागे बांधायचे. भेगांतून गवत उगवलं. एकदा त्यांनी नकळत एक मुळी उपटली आणि परत मातीत खोचून ठेवली. मी खिडकीतून पाहिलं. दुपारी अंगणात बसायचे, हात मांडीवर उताणे टाकून. मनगटावरचा डांबराचा डाग तेवढा काळा होता, बाकी हात पांढरे पडत चालले होते.

तपासणीला त्याच बाई आल्या. या वेळी बाबा पुढे होते.

"इथे आहे मॅडम. हीही धरा. इकडे, गवताखाली, ही मोठी आहे." गुडघे टेकून गवत बाजूला करून ते एकेक भेग दाखवत होते.

बाई चुकचुकल्या. "गेल्या खेपेला किती सुंदर ठेवली होती तुम्ही! देखभाल अशी सोडून दिली तर कसं व्हायचं बाबा? सरकारने किती म्हणून द्यायचं?"

मास्तर काहीतरी बोलायला गेले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"चुकलं मॅडम," बाबा म्हणाले. "लक्ष राहिलं नाही."

अडतीस मार्क पडले. अनुदान आलं.

मग यंत्रं आली, मोठाली. बाबांनी जन्मभर गुडघ्यांवर बुजवलेलं त्यांनी चार दिवसांत उखडून कडेला ढीग घातला. नवी काळी पट्टी झाली, दोन्ही बाजूंना दिवे, सभोवार जाळी. गुरं आत येईनात. मुकादमाने बाबांना सांगितलं, "दहा वर्षं भेग जाणार नाही, काका. आता नुसतं बसून खा." बाबा म्हणाले, "छान झालं." आणि खरंच छान झालं होतं, कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

पहिलं विमान बुधवारीच आलं. एक खडा उडाला नाही. पायलटने उतरून बाबांना मिठी मारली. त्याला आईंचं कळलं होतं. डॉक्टर नवे होते, बरोबर नर्सही नवी, अगदी तरुण. थंड पेटी बाबांनीच उचलून खोलीत आणली. मी खाटा टाकल्या, पडदे लावले. पेशंट येऊन खुर्च्यांवर बसले.

नर्सने जुनी यादी काढली, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या लावून बघितल्या, खुर्च्यांकडे बघितलं, परत यादी बघितली.

"तिघेच दिसताहेत. मी चार पिशव्या आणल्यात. या बाई कुठायत? पत्ता तर इथलाच आहे, विमानतळ क्वार्टर."

बाबा पेटीचं झाकण हातात धरून उभे होते.

"इथेच राहतात ना?"

"राहत होती," बाबा म्हणाले.

"मग आल्या का नाहीत?"

"गेल्या साली पट्टी चांगली होती, बाई."

तिला कसं कळणार ते. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी पुढे झाले, यादीवर आईंच्या नावाखाली बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे खोडा." ती खिशात पेन शोधू लागली.